होडीचा सातबारा कोठे मिळतो?

१/
जमिनीला सातबारा असतो, सदनिकेला करारनामा असतो, दुचाकीला आरसी पुस्तक असते. मग होडीला काय असते? ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही आपली सारी शहरे खाडीच्या काठाने वसलेली आहेत. तरीही हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडतो. आजचा थ्रेड त्या प्रश्नाविषयी.

२/
अलीकडे माझ्या समवयस्कांत एक हौस दिसू लागली आहे. चौघापाचांनी वर्गणी काढावी, मोटर लावलेली छोटीशी नौका घ्यावी आणि रविवारी दुर्गाडीपासून गायमुखापर्यंत हिंडून यावे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नोंदणीला खर्च किती येतो?" माझ्या मते त्याआधी विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे : ही नोंदणी नेमकी कशाची असते?

३/
होडीच्या कागदात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. होडी कोणाची, ही मालकी. होडी कोणती, ही ओळख. होडीने कोठे जावे, हा परवाना. आपल्या खाडीच्या इतिहासात राज्यकर्त्यांनी तिसऱ्या गोष्टीची चौकशी सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे केली. पहिली गोष्ट बहुधा वाऱ्यावर सोडली. त्याची किंमत आजही मोजली जात आहे, असे माझे मत आहे.

४/
प्रारंभ कल्याणपासूनच करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक खलाशांसाठी लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ. त्यात 'कल्लिएना' बंदराची नोंद आहे. थोरल्या 'सारगानस'च्या, म्हणजे सातकर्णीच्या, काळात हे बंदर अधिकृत बाजारपेठ होते. पुढे सत्ता पालटली आणि तेथे उतरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली.

५/
या नोंदीकडे नीट पाहावे. जहाज तेच, नाखवा तोच, मालही तोच. बदलला तो केवळ बंदराचा दर्जा. कालपर्यंत जे येणे रीतसर होते, ते आज बेकायदा झाले. कल्याणच्या नौकानयनाविषयीच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तोच परवानगीविषयी आहे. यापेक्षा बोलका आरंभ कोणता?

६/
तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याविषयी लिहितो. येथील राजाचा चाच्यांशी करार होता, असे तो सांगतो. लुटीतले घोडे राजाचे, उरलेला माल चाच्यांचा. अरबस्तानातून येणारे घोडे राजाला हवे होते, म्हणून ही सोय. कोणती नाव चाच्याची आणि कोणती सरकारमान्य, हे नावेच्या बांधणीवरून ठरत नव्हते. काठावर कोणाशी बोलणे झाले आहे, त्यावरून ठरत होते.

७/
आता पोर्तुगीज. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली आणि साष्टीसह ठाणेही त्यांच्या अमलाखाली गेले. त्यांनी समुद्रावर जी पद्धत रूढ केली, तिचे नाव 'कार्ताझ'. कार्ताझ म्हणजे जहाजाला दिलेला लेखी परवाना. जहाजाचे व तांडेलाचे नाव, आकार, माणसे, शस्त्रे आणि जाण्याचे ठिकाण असा तपशील त्यात लिहिलेला असे. काय न्यायचे नाही, याचीही यादी असे.

८/
खर्चाचा हिशेब येथे पाहण्यासारखा आहे. खुद्द कार्ताझाची फी किरकोळ होती. खरा खर्च अटींत दडलेला असे. जहाजाने पोर्तुगीज ठाण्यावर थांबावे, तेथे जकात भरावी, काफिल्यासोबत चालावे. वाट लांबली तरी चालेल, पण त्यांच्या नाक्यावरूनच जावे. ज्याच्याजवळ कार्ताझ नाही, त्याचा माल जप्त होई आणि माणसांच्या जिवाचीही शाश्वती नसे.

९/
कार्ताझ घेतला म्हणजे निर्धास्त झालो, असेही नव्हते. १६१३ साली पोर्तुगिजांनी सुरतेजवळ 'रहिमी' हे मोठे जहाज पकडले. ते जहांगीर बादशहाच्या आईचे, मरियम-उझ-झमानीचे होते आणि त्याच्याजवळ परवाना होता. जिथे बादशहाच्या आईच्या कागदाचा मान राखला गेला नाही, तिथे ठाण्याच्या मचव्याची काय कथा! कागदाचे वजन देणाऱ्याच्या मर्जीइतकेच होते.

१०/
पुढचा प्रसंग समजण्यासाठी भूगोल डोळ्यांपुढे हवा. उल्हास नदी सह्याद्रीतून निघते आणि कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते. पुढे डोंबिवली, मुंब्रा मागे टाकून ती ठाण्याजवळ पोहोचते. तेथून मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईला समुद्रास मिळतो. एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाणे खाडीतून मुंबईच्या बंदराकडे उतरतो. सतराव्या शतकाच्या मध्यास या दोन्ही वाटांवर पोर्तुगिजांचा पहारा होता.

११/
ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच तेथे जहाजबांधणी सुरू झाली. महाराजांच्या आरमाराचा आरंभ आपण दुर्गाडीशी जोडतो, तो याच घटनेमुळे. पण येथे थोडे थांबून विचार करा. कल्याणला बांधलेले जहाज समुद्रावर जायचे तर ते कोणाच्या दारावरून जाणार? वसईच्या.

१२/
१६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात ही चिंता स्पष्ट दिसते. शहाजीच्या मुलाने कल्याण, भिवंडी, पनवेल येथे जहाजे बांधली आहेत, तो बलाढ्य झाला आहे, तेव्हा ही जहाजे बाहेर पडू देऊ नयेत, असा त्या हुकुमांचा आशय आहे. रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह महाराजांच्या कामावर होता. वसईच्या कप्तानाने त्याचे मन वळवले आणि ती मंडळी काम टाकून निघून गेली.

१३/
या घटनेचे वर्णन आपण 'फितुरी' या एका शब्दात उरकतो. मला तिच्यात नौकेच्या कागदाचा गाभा दिसतो. सागवान स्वराज्याचे होते, गोदी स्वराज्याची होती, पैसा स्वराज्याचा होता. मालकीविषयी कोणालाच शंका नव्हती. तरीही खाडीच्या मुखावर बसलेला दुसराच कोणी "बाहेर जायचे की नाही" हे ठरवू पाहत होता. मालकी असूनही मार्ग नसणे, हा अनुभव कल्याणने तेव्हाच घेतला.

१४/
महाराजांनी त्यावर शोधलेले उत्तर आपण जाणतोच : खुल्या समुद्रावर स्वतःचे जलदुर्ग. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर बाजू पूर्ण उलटवली. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचे 'दस्तक' घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी तो मानला नाही आणि त्यांना 'चाचा' ठरवले.

१५/
दस्तक आणि कार्ताझ यांचे कार्य एकच होते. एकाला 'कायदा' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'चाचेगिरी', हा इतिहासलेखनाचा पक्षपात आहे. पण आपणही पक्षपात करू नये. दस्तक आपले होते म्हणून ते गरीब मचवेवाल्याला कमी जाचक वाटले असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. खाडीतल्या माणसासाठी दोन्ही वसुलीचेच नाके होते.

१६/
मराठ्यांकडे नौकेच्या खर्चाचा आणखी एक सूक्ष्म विचार होता, तो नोंदवायलाच हवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सूचना आहेत. अरण्यातले सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे. रयतेची आंबा-फणसाची झाडे मात्र बळजबरीने तोडू नयेत. मालकाला राजी करून, त्याला मोल देऊन मगच घ्यावीत. जहाज राज्याचे असले, तरी झाड लावणाऱ्याचा हक्क येथे मान्य केला आहे. त्या काळातील मालकीच्या जाणिवेचे हे दुर्मीळ उदाहरण.

१७/
१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, १७३९ मध्ये वसई. १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांकडे गेले. कंपनी सरकारने कागदाची मोठी व्यवस्था लावली. मुंबई इलाख्याच्या किनारी नौकांसाठी १८३८ चा कायदा आला. त्यानुसार नौकेची नोंद झाली आणि तिच्यावर नाव व क्रमांक घातले जाऊ लागले. १८४१ मध्ये जहाजनोंदणीचा आणखी एक कायदा झाला.

१८/
येथून एक दुभंग सुरू होतो. मोठ्या जहाजाची नोंदवही ही मालकीची वही झाली. ब्रिटिश कायद्यात जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से धरतात. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात ते १० केले गेले. कोणाचा हिस्सा किती, गहाण कोणाकडे, हे सारे नोंदवता येते. छोट्या होडीच्या वाट्याला मात्र केवळ क्रमांक आला. श्रीमंताच्या जहाजाला वंशावळ मिळाली, गरिबाच्या होडीला बिल्ला.

१९/
मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. माल रुळांवर गेला, पडाव आणि मचवे हळूहळू मागे पडले. सरकारचे खाडीकडे दुर्लक्ष होऊ लागले, तसे तिच्या कागदांकडेही. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा मुळात वाफेच्या बोटींसाठी होता. वल्ह्याच्या होडीशी त्याला काही कर्तव्य नव्हते.

२०/
आता वर्तमान. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग 'राष्ट्रीय जलमार्ग ५३' म्हणून घोषित झाला. लांबी १४५ किलोमीटर. १९१७ च्या जागी २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. यांत्रिक नौकेची आधी तपासणी, मग नोंदणी. एका राज्यात केलेली नोंदणी देशभर ग्राह्य. सर्व नौकांची केंद्रीय माहितीसूची. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

२१/
हौशी मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. नोंदणीची फी हा सहसा सर्वांत लहान आकडा असतो, कार्ताझासारखाच. खरा खर्च तिच्याभोवती असतो : आराखड्याची मान्यता, तपासणी आणि तिची ठरावीक मुदतीने पुनरावृत्ती, विमा, जीवरक्षक जाकिटे, प्रशिक्षित चालक, नौका बांधून ठेवण्याची जागा. शिवाय कर. सप्टेंबर २०२५ पासून हौशी याटवर ४० टक्के जीएसटी आहे. मासेमारी नौकेवर तो ५ टक्के आहे.

२२/
मालकीचे काय? अमेरिकेतील अनेक राज्यांत मोटारीप्रमाणे नौकेचेही मालकीपत्र वेगळे आणि नोंदणी वेगळी असते. आपल्याकडे छोट्या नौकेची मालकी सिद्ध होते ती बांधणाऱ्याच्या दाखल्याने, पावतीने आणि खरेदीखतांच्या साखळीने. म्हणून जुनी नौका घेताना किमतीत घासाघीस करण्यापूर्वी ही साखळी अखंड आहे का, ते पाहावे. वर्गणीतून घेतली असेल, तर कोणाचा किती वाटा हे पहिल्याच दिवशी लिहून काढावे. मैत्री आणि नौका, दोन्ही टिकतील.

२३/
मार्गाचा प्रश्न तर आजही उभा आहेच. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. तेथे वनविभागाचा अधिकार चालतो. तलावपाळीवर म्हणजे मासुंद्यात नौकाविहार करायचा, तर तेथे महापालिका. एकाच शहरात पाणी बदलले की मालक बदलतो.

२४/
"एवढा जाच कशाला?" असे कोणी म्हणेल. मे २०२३ मध्ये केरळातील तानूर येथे पर्यटकांची नौका उलटून २२ जण गेले. मासेमारीच्या होडीत फेरफार करून ती सहलीसाठी वापरली जात होती. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात 'नीलकमल' ही प्रवासी बोट नौदलाच्या वेगवान बोटीच्या धडकेने बुडाली. परवान्यात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक माणसे तिच्यात होती. तपासणीचा कागद हा माणसांच्या जिवाचा हिशेब आहे. त्याला मी जाच म्हणणार नाही.

२५/
तरीही माझी तक्रार कायम आहे, आणि ती वेगळ्या दिशेने आहे. याटवाला आपला कागद करून घेईलच. त्याला वकील परवडतो. पण कोळीवाड्यांतल्या आणि आगरी गावांतल्या वल्ह्याच्या होड्यांचे काय? २००८ मध्ये 'कुबेर' या मासेमारी नौकेतून अतिरेकी मुंबईवर आले. त्यानंतर मासेमारी बोटींची नोंद कसोशीने होऊ लागली. कारण सुरक्षेचे होते आणि योग्यही होते. पण पुन्हा प्रश्न तोच : तुला कोणी जाऊ दिले?

२६/
कागद नसण्याची झळ खाडीवर काही बांधायला घेतले की बसते. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मच्छीमारांची सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या उपजीविकेचा विचार करून नुकसानभरपाईचे धोरण आखण्यास सांगितले. निकाल स्वागतार्हच. पण भरपाईच्या रांगेत पहिला प्रश्न काय येणार? "तुझी होडी होती, याचा पुरावा दाखव."

२७/
उलट बाजूही पाहा. रेतीउपशाविरुद्ध महसूल विभागाची कारवाई झाली की बार्ज आणि सक्शन पंप नष्ट केल्याच्या बातम्या मुंब्रा, डोंबिवली परिसरातून येतात. त्यांत मालक अनेकदा 'अज्ञात' असतो. खाडी ओरबाडणाऱ्याला बेनाव राहणे सोयीचे पडते आणि खाडीवर जगणाऱ्याला तेच बेनावपण बुडवते. नोंदवही नीट असती, तर पहिला सापडला असता आणि दुसरा तरला असता.

२८/
२०२१ च्या कायद्यात एक लहानशी तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. बिनयंत्राच्या नौकांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करता येते. मला ही तरतूद सबंध कायद्यातील सर्वांत मोलाची वाटते. जेट्ट्या, रो-रो आणि फेरीबोटी येण्याआधी खाडीत आज असलेली प्रत्येक होडी गावातल्या गावात, विनाशुल्क, मालकाच्या नावासह वहीत चढावी.

२९/
यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्याचा मान राखतो. "आज नोंद, उद्या फी, परवा बंदी." वर सांगितलेला सारा इतिहास या भीतीच्याच बाजूने साक्ष देतो. कार्ताझाचा अनुभव घेतलेल्या किनाऱ्याने कागदावर सहज विश्वास का ठेवावा?

३०/
माझे उत्तर जमिनीकडे बोट दाखवते. इंग्रजांची जमीनमोजणी सारावसुलीसाठीच होती. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, तीही रयतेच्या प्रेमापोटी नव्हे. पण पुढे त्याच कागदाच्या बळावर कुळे कोर्टात उभी राहिली आणि विस्थापितांनी मोबदला मागितला. वसुलीची वही हक्काची वही झाली, कारण तिच्यात नाव होते. ज्याचे नावच वहीत नाही, त्याला भांडायलाही जागा नाही.

३१/
म्हणून नौका घेणाऱ्या माझ्या मित्रांना सांगणे इतकेच : आपला कागद पूर्ण करा, तपासणीत काटकसर करू नका. आणि ज्या धक्क्यावर तुमची नौका बांधाल, तेथे शेजारी बांधलेल्या जुन्या होडीची नोंद आहे का, हेही विचारा. नसेल, तर ग्रामपंचायतीत वा पालिकेत अर्ज लिहायला त्या काकांना मदत करा. त्याला कागद-पेन आणि एक दुपार पुरते.

३२/
इतिहासप्रेमींसाठी एक विनंती. आपण दुर्गाडीवर जातो, ठाण्याचा किल्ला कोठे होता ते शोधतो, घोडबंदरच्या भिंतीचे फोटो काढतो. पुढच्या वेळी खाली धक्क्यावर उतरा. होडीचा प्रकार, तिचे नाव, ती कोणी आणि कधी बांधली, हे मालकाच्या परवानगीने टिपून घ्या. घरात जुनी पावती, जकातीची चिठ्ठी, परवाना असेल, तर तो जपायला सांगा. आपल्या खाडीचे दफ्तर अजून लोकांच्या पेट्यांतच पडून आहे.

लेखनसीमा.